ताटाला विचारलेला प्रश्न

एकदा एका डोंगराळ गावात एक वृद्ध डॉक्टरीणबाई राहत असत आणि त्यांच्यापाशी एक शिष्य विद्या शिकत असे. शिष्य हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. त्याची बहीण सुगंधा पहिलटकरीण होती. घरी दोन म्हशी, पण दूध सगळे डेअरीला जाई. तिच्या वाट्याला भाकरी आणि कोरा चहा. बाईंनी तिला पाचव्या महिन्यातच कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. शिष्याने मात्र रक्ताचा रिपोर्ट पाहिला. कॅल्शियम ठीक होते. उगाच गोळ्या कशाला, असे म्हणून त्याने बाटली फळीवर ठेवायला सांगितले.

आठव्या महिन्यात सुगंधाचे तोंड सुजले, डोके ठणकू लागले. शिष्याने रक्तदाब मोजला, तर तो भलताच चढलेला. बाई येईपर्यंत त्याने फळीवरची बाटली उघडून मूठभर गोळ्या तिच्या हातावर ठेवल्याही. बाईंनी त्या काढून घेतल्या, गाडी बोलावली, आणि सर्वांदेखत ती बाटली शेजारच्या मंजुळेला देऊन टाकली. मंजुळा पाच महिन्यांची गरोदर, पण धडधाकट. नुसती बघायला आलेली. शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

गाडी घाट उतरू लागली. त्याला एका जागी बसवेना. बहिणीची नाडी बघे, रस्ता बघे, पुन्हा नाडी. शेवटी त्याने जाब विचारलाच.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अन्नातून कॅल्शियम मिळालं नाही की रक्त हाडांतून ओढून घेतं. म्हणून रिपोर्ट चांगला दिसतो. पण त्या ओढाताणीत काही जणींच्या रक्तवाहिन्या आवळत जातात. गोळ्यांचा उपयोग त्याआधी. मंजुळेच्याही ताटात दूध नाही, म्हणून तिला दिल्या. एकदा दाब चढला की त्या तो उतरवत नाहीत. आता हिला मोठं इस्पितळच हवं. तू रक्ताला विचारलंस, ताटाला विचारलं नाहीस."

इस्पितळात बाळाला वेळेआधीच बाहेर काढावे लागले. इवलासा जीव काचेच्या पेटीत होता. सुगंधा शुद्धीवर होती. दोघे वाचतील असे कळले, तरी शिष्याचे मन थाऱ्यावर येईना. गावी परतताच तो घरी न जाता मंजुळेच्या दारात उभा राहिला. बाटली तिच्या फळीवर तशीच होती. जेवण झाले का, असे विचारून त्याने एक गोळी तिच्या हातावर ठेवली आणि लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यायला बजावले.

"पण दादा, मला तर काहीच होत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि तिने गोळी गिळेपर्यंत उंबऱ्यावरून हलला नाही.