एकवीस हत्यारांचा गालिचा

रणधवल महाराजांच्या हातून कोकम सरबताचा पेला निसटला आणि दरबारच्या पांढऱ्याशुभ्र लोकरी गालिच्यावर लालभडक डाग पडला. संध्याकाळी व्याही येणार होते!

गालिचे-सतरंज्या सांभाळणाऱ्या फरासखान्याचे दारोगा त्र्यंबकराव आपली पेटी घेऊन धावले. पेटीत सफाईची, चांदीच्या मुठींची एकवीस हत्यारं होती. त्यांनी त्यातला तारांचा ब्रश उचलला आणि खसाखसा घासायला सुरुवात केली. बशीएवढा डाग परातीएवढा झाला. लोकर उपटून यायला लागली.

"दारोगासाहेब, गालिचा साफ करताय की कोंबडी सोलताय?"

हे बोलली गोजरा. फरासखान्यात सतरंज्या झटकणारी साधी बाई, पण जीभ तिखट!

महाराज गरजले, "ही हत्यारं आम्ही स्वतः निवडून घडवली आहेत!"

"मुठी सुरेख आहेत, महाराज. पण मूठ कुठं गालिच्याला लागते? दात बघा की! एवढ्या राठ दातांनी घोडासुद्धा अंग घासून घेणार नाही."

दरबारी खाली माना घालून हसले. महाराज लालबुंद झाले.

"असं? मग तूच साफ कर! आमची एकवीसच्या एकवीस हत्यारं गालिच्यावर वापरलीच पाहिजेत. डाग गेला पाहिजे आणि यापुढे एक धागाही तुटता कामा नये. नाही जमलं, तर संध्याकाळच्या आत राज्याबाहेर!"

दारोगा गालात हसले. गोजराचं घरदार, म्हातारे सासू-सासरे, सगळं याच गावात होतं. तिने पेटीतलं एकेक हत्यार हातात घेऊन पाहिलं. सगळी नुसती जड आणि धारदार! जड... तिचे डोळे चमकले.

तिने रिठ्याचा फेस केला. गालिच्याच्या कोपऱ्यात थोडा लावून पाहिला. लोकर पिवळी पडत नाही, अशी खात्री झाल्यावर मऊ धोतराचा तुकडा फेसात बुडवून पिळला आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे नुसती टिपत गेली. मग शेळीच्या केसांच्या मऊ कुंचलीने लोकर एकाच दिशेने बसवली. तरी खोलवर लाली उरलीच. तिने त्यावर कोरड्या कापडाची जाड घडी ठेवली, घडीवर फळी आणि फळीवर एकवीस हत्यारं रचून स्वस्थ बसली.

दिवस कलताना महाराज आले. दारोगा ओरडले, "बघा महाराज! हिने एकही हत्यार चालवलं नाही! नुसता ढीग करून ठेवलाय!"

गोजराने ढीग उतरवला. फळी उचलली. कापडाची घडी लाल झाली होती. गालिचा पांढराशुभ्र!

"पण हत्यारं?" महाराजांनी दरडावलं.

"वापरली ना, महाराज! एकवीसच्या एकवीस, गालिच्यावरच! त्यांच्या भाराने कापड खाली दाबलं गेलं आणि उरलेला रंग शोषून घेतला. 'गालिच्यावर वापर' असा हुकूम होता, 'गालिच्यावर घास' असा नव्हता."

"म्हणजे आमची हत्यारं नुसती वजनं?"

"हो! आणि वजनं म्हणून पहिल्या प्रतीची! इतक्या दिवसांत त्यांना जमेल असं काम आजच मिळालं."

मग महाराज पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून गोजराला दिला आणि दारोगांपुढे हात पसरला. "त्र्यंबकराव, फरासखान्याच्या किल्ल्या! आजपासून दारोगा गोजराबाई!"