कड्यावरचं निळं फूल

एक होता राजा. डोंगराच्या कुशीत त्याचं इवलंसं राज्य. त्याची एकुलती एक लेक चंद्रावळ, सात वर्षांची. मोठ्या तापातून उठली आणि बोलायचीच थांबली. राजानं किती गोष्टी सांगितल्या, किती लाड केले. ती नुसती बघत राही.

मग वैद्यबुवा म्हणाले, उंच कड्यावर एक निळं फूल येतं. ते टवटवीत असताना हिच्या नजरेस पडलं, तर हिला वाचा फुटेल.

त्या राज्यात येसाई नावाची बाई होती. कड्यावरच्या मधाची पोळी काढायची. कमरेला दोर बांधून सरसर चढायची, बरं का. राजानं तिलाच पाठवलं.

वर खडकाच्या फटीत तीनच रोपं होती. प्रत्येकावर एक फूल. खाली मान घातलेलं, मागे पाच बारीक शेपट्या, शेपट्यांत थेंब थेंब मध. येसाईनं एक तोडलं, तर रोपच उपटून हातात आलं. पायथ्याशी येईतो फूल सुकून गेलं.

मग तिनं दुसरं रोप मातीसकट काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं. राजवाड्याच्या पायरीवर त्यानंही मान टाकली.

राजा म्हणाला, तिसरं आण.

येसाई चढली. फुलाशी एक मधमाशी घुटमळत होती. येसाईनं हात मागे घेतला. हे नेलं तर पोरही बोलायची नाही आणि कड्यावरही काही उरायचं नाही. ती रिकाम्या हातानं परतली. राजासमोर उभी राहून म्हणाली,

"महाराज, ते फूल खाली यायचं नाही. लेकीलाच वर न्यावं लागेल. माझ्या पाठीवर द्या."

राजानं लेकीला जवळ ओढलं. लेक पडली तर? मग त्यानं येसाईचे घट्टे पडलेले हात पाहिले. उठला, आणि स्वतःच लेकीला तिच्या पाठीशी बांधलं.

वर गेल्यावर चंद्रावळीनं मान वाकडी करून फुलाच्या आत बघितलं. खूप वेळ बघितलं. तिला नीट दिसावं म्हणून येसाईनं देठ धरायला हात पुढे केला. तेवढ्यात तिच्या कानाशी हळूच आवाज आला.

"राहू दे. दुखेल त्याला."

येसाईचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा कुठे होता? तशीच उतरली. खाली चंद्रावळ "बाबा" म्हणाली, आणि राजा मटकन खाली बसला.

त्या फुलाचं बी फटीफटीत पडलं. पुढच्या वर्षी नऊ रोपं आली. राजा, लेक, येसाई, सगळी सुखात राहिली.

संपली हं गोष्ट. आता पांघरूण ओढा आणि निजा बघू.