मागून आलेलं पाणी

"…मग परवा मी एकटाच नेऊ ना मुलांना?"

हेरंबने हे तिसऱ्यांदा विचारलं.

जैबूनचाची किनाऱ्यावर उकिडवी बसून रबरी चपला सुतळीने पायांना बांधत होती. तिने मान वर केली नाही.

खारवाडीच्या त्या किनाऱ्याला वाळू नाही. नुसता काळा खडप, खडकांचा पसरट पट्टा. ओहोटीला तो लांबवर उघडा पडतो, भरतीला जणू नव्हताच. चाचीने पन्नास वर्षं त्या खडपावर कालवं काढली होती. हेरंब केळसकर कॉलेजात समुद्री जीवशास्त्र शिकून दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे आला. पुस्तकात नावं होती, कोण कुठे राहतं ते चाचीकडे होतं. दोन वर्षं तो तिच्या मागे मागे फिरला.

आता त्याला दोन्ही येत होतं. परवा, रविवारी, घाटावरच्या एका शाळेची बावीस मुलं येणार होती. त्यांतल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता.

"चाची, काहीतरी बोला ना. हो म्हणा, नाही म्हणा…"

"आज मला ने," चाची उठत म्हणाली. "मी पाव्हणी. मला काहीएक ठाऊक नाही."

"म्हणजे परीक्षा?"

चाचीने त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

काल अमावास्या झाली होती. पाणी खूप खाली गेलं होतं. किनारा आणि बाहेरचा खडप यांच्यामध्ये एक घळ होती, तिच्यात घोटाभर पाणी उरलं होतं. हेरंबने हात पुढे केला. चाचीने तो धरला आणि पाव्हणीसारखी जपून पलीकडे गेली.

त्याने घड्याळ पाहिलं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाणी सगळ्यात खाली. आठपर्यंत वेळ आहे. त्याने मनातल्या मनात पुन्हा हिशेब केला. बरोबर होता.

मग तो बोलू लागला.

हे समुद्रफूल. फूल नाही, प्राणी आहे. बोट लावलं की मिटतं. हा शंखातला खेकडा, घर दुसऱ्याचं. ही दगडाला चिकटलेली टोपी म्हणजे एक गोगलगाय, हिला सुरीनेही सोडवता येणार नाही…

चाची मान हलवत होती. कुठेच थांबत नव्हती. आपलं काहीतरी चुकतंय, असं त्याला वाटत राहिलं. काय, ते कळेना. तो आणखी भरभर बोलू लागला.

"पुढे जाऊ या?" त्याने विचारलं.

"तू म्हणशील तसं."

तो तिला अगदी टोकाला घेऊन गेला. तिथे खडपाला पडलेल्या एका कपारीत कंबरभर खोलीचं डबकं होतं. डबक्याच्या तोंडाशी एक सपाट दगड. हेरंबने तो उचलला आणि तसाच धरून राहिला.

आत ऑक्टोपस होता. मादी. तिच्यामागे कपारीच्या छताला अंड्यांचे झुपके लोंबत होते. तांदळाच्या दाण्यांसारखे, पांढरे.

"चाची! हे… हे कुणालाच दिसत नाही. आम्हाला सरांनी फक्त चित्रात दाखवलं होतं."

मादी काळी पडली. मग पांढरी. मग दगडाच्या रंगाची.

"पळत का नाही ती?" चाचीने विचारलं.

"अंडी आहेत ना. ती आता खातही नाही. नुसती त्यांच्यावर पाणी फुंकत बसते. अंडी फुटली की मरते."

चाचीने पदर खोचला. मग खाली बसली. मग त्या ओल्या, कालवांनी खरबरीत झालेल्या खडपावर पोटावर आडवी झाली आणि तिने तोंड डबक्याजवळ नेलं.

"दगड ठेव परत," ती म्हणाली. "थोडी फट ठेव. मला दिसेल एवढी."

त्याने ठेवला. तोही तिच्याशेजारी आडवा झाला.

मादीची पाणी फुंकायची नळी फुगत होती, आकसत होती. प्रत्येक फुंकरीसरशी पांढरे झुपके हलत होते.

"पन्नास वर्षं इथून गेले," चाची हळूच म्हणाली. "कधी वाकून बघितलं नाही."

किती वेळ गेला, हेरंबला कळलं नाही.

त्याने घड्याळ पाहिलं. आठला दहा कमी. त्याने समोर पाहिलं. समुद्र होता तिथेच होता, लांब, शांत. तो निर्धास्त झाला.

मग तो मागे वळला.

घळ भरली होती.

घोटाभर पाण्याच्या जागी हिरवं, फिरणारं पाणी होतं. बाहेर कुठेतरी वारा बदलला असावा. समोरच्या खडपाने लाटा अडवल्या होत्या आणि पाणी वळसा घालून मागून आत आलं होतं.

"चाची… उठा. चाची!"

ती उठली. तिने घळ पाहिली.

"कुठून जायचं?"

"मी पाव्हणी."

"चाची, मस्करी नको! कुठून जायचं, सांगा!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. नुसती बघत राहिली.

हेरंबने दोन्हीकडे पाहिलं. डावीकडे घळ अरुंद होती, पण पाणी तिथे जोरात होतं. उजवीकडे रुंद होती, संथ दिसत होती. खाली काय आहे, दिसत नव्हतं. येताना आपण कुठून आलो? त्याला आठवेना. दोन वर्षं तो चाचीच्या पाठीकडे बघत इथून गेला होता. वाट त्याने कधी पाहिलीच नव्हती.

आणखी एक लाट आत आली. घळीच्या मधला दगड दिसेनासा झाला.

"उजवीकडून," तो म्हणाला. "माझा हात धरा. सोडू नका."

पाणी गुडघ्याला आलं. मांडीला. कमरेला. चाची त्याच्या खांद्यापर्यंतच येत होती, तिच्या ते छातीला लागलं. त्याच्या एका हातात चाची, दुसऱ्या हातात डोक्यावर धरलेली पिशवी. पिशवीत फोन, कॅमेरा, दोन वर्षांच्या वह्या.

मध्यावर चाचीचा पाय सुटला.

ती एकदम खाली गेली. डोकं पाण्याखाली. हेरंबच्या मनगटाला हिसका बसला आणि तोही वाकला. क्षणभर तो तसाच उभा राहिला, एक हात वर, एक हात खाली.

मग त्याने पिशवी सोडली आणि दोन्ही हातांनी तिला ओढलं.

चाची खोकत वर आली. त्याने तिला कमरेला धरलं, अर्धवट उचललं आणि रेटत, अडखळत, पाणी गिळत किनाऱ्यावर आणलं.

दोघंही दगडांवर बसून राहिले. पिशवी घळीत एकदा वर आली, एकदा फिरली, गेली.

हेरंब म्हणाला, "शाळेला कळवतो. नका येऊ म्हणून."

चाची पदर पिळत होती.

"बावीस मुलं, चाची. मला एक माणूस सांभाळता आला नाही."

चाचीने पदर झटकून खांद्यावर घेतला.

"तुम्हाला माहीत होतं ना? पाणी मागून येतंय ते? मला कळतंय का ते बघत होतात."

"नाही."

"म्हणजे?"

"मी त्या अंडीवालीला बघत होते. तुला कळलं तेव्हाच मला कळलं."

हेरंबने तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती.

"मग वाट का नाही सांगितली?"

"आठवेना. हातपाय गार पडले होते."

"पण तुम्ही तर… किती शांत होतात!"

चाचीने त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मनगटाच्या आतल्या बाजूला चार नखांच्या खोल खुणा होत्या. त्यांतून रक्त येत होतं, खारं पाणी लागून चुरचुरत होतं. इतका वेळ त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तिने आपली चार बोटं त्या चार खुणांवर ठेवली. बरोबर बसली.

वाडीच्या बाजूला गोड्या पाण्याची विहीर होती. हात धुवावा म्हणून हेरंब उठू लागला.

चाचीने मनगट सोडलं नाही.

"जखम परवापर्यंत भरू देऊ नकोस," ती म्हणाली. "मुलांना नेशील तेव्हा दिसली पाहिजे."