कुठल्याही गाडीला बसतो

"मग काय अप्पा, राग गिळून गप्प बसू मी?"

मन्मथ उस्तुर्गेचा आवाज मठाच्या दासोहघरात एवढा घुमला, की पंगतीसाठी ताटं पुसणाऱ्या बायांचे हात थांबले.

मठाचे स्वामी गुरुपाद अप्पा चुलीजवळ पाटावर बसून वांगी चिरत होते. सोमवारी दासोह, म्हणजे येईल त्याला जेवू घालायचं, आणि त्या दिवशीची भाजी स्वतः चिरायची, हा त्यांचा शिरस्ता होता. बायांना तो मुळीच आवडत नसे, कारण अप्पांच्या फोडी एकसारख्या होत नसत.

"गप्प बस म्हणालं कोण?" अप्पा म्हणाले. "ओरड. पण काय झालं ते सांगून ओरड."

मन्मथला तेवढंच हवं होतं.

लातूरला त्याचा कारखाना. विजेवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचं तोंड एका तऱ्हेचं आणि हमरस्त्यावरच्या नव्या चार्जिंग स्टेशनांच्या नळीचं टोक दुसऱ्या तऱ्हेचं. या दोघांची सोयरीक जमवणारा अडॅप्टर मन्मथ बनवायचा. खोक्यावर त्यानं ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं, 'कुठल्याही गाडीला बसतो'. जुन्या टॅक्सीवाल्यांनी तो डोक्यावर घेतला, आणि मन्मथही थोडासा डोक्यावर बसला. लहानपणी अप्पांकडून दीक्षा घेतलेला हा पोरगा अलीकडे मठात आला, तरी चप्पल काढता काढता फोनवर बोलत असे.

गेल्या आठवड्यात स्टेशनवाल्या कंपनीनं जागोजागी फलक लावले होते. बाहेरचे अडॅप्टर बंद. लावला तर मशीन सुरूच होत नाही. कंपनीचा स्वतःचा अडॅप्टर तेवढा चालतो, आणि तो त्यांच्याच दुकानात मिळतो.

"दरोडेखोर आहेत, अप्पा! रस्ता लोकांचा, वीज लोकांची, आणि हे मध्येच फाटक लावून बसलेत. यांच्या स्वतःच्या नळ्या जळतात तेव्हा काय करतात ठाऊक आहे? मशीनला प्लॅस्टिकची पिशवी घालतात. दुरुस्ती चालू! महिना महिना पिशवी निघत नाही. फोन केला तर गाणं ऐकवतात. आणि बंदी मात्र माझ्यावर!"

"हे बाकी खरं," अप्पा म्हणाले. "परवा बिदरचे एक डॉक्टर मठाबाहेर अडकून बसले होते. समोरचं मशीन बंद. लई चिडले बिचारे. दोनदा जेवले."

मन्मथ हसला नाही.

"माझी माणसं हातावर हात ठेवून बसलीत. असंच चाललं तर कारखान्याला टाळं लागेल. उद्या स्टेशनपुढं धरणं धरतोय. टॅक्सीवाले येणार आहेत. तुम्ही फक्त येऊन बसा. तुम्ही बसलात की कंपनीला घाम फुटेल."

अप्पांनी एक वांगं उचललं, किडकं आहे का पाहिलं.

"बंदी घातली कशापायी?"

"निमित्त काढलं काहीतरी."

"कसलं?"

"एका टॅक्सीवाल्यानं अडॅप्टर तापलेला असताना घाईनं ओढला. हात भाजला. चूक त्याची."

"नाव काय त्याचं?"

"खाजापाशा. उदगीरचा."

"कुठला हात भाजला?"

"काय?"

"हात. डावा का उजवा?"

मन्मथला ते माहीत नव्हतं. तो दवाखान्यात गेलाच नव्हता. गेलात तर चूक कबूल केल्यासारखं होईल, असं वकिलानं सांगितलं होतं. ते पटवून घ्यायला मन्मथला फारसे कष्ट पडले नव्हते.

"त्यानं काय फरक पडतो? वकिलानंच दवाखान्यात जाऊ नका म्हटलंय!" तो उसळला. पिशवीतून त्यानं आपला अडॅप्टर काढून अप्पांच्या पुढ्यात आपटला. "वस्तू बघा ना माझी! खट्कन बसतो. कुठल्याही गाडीला बसतो. कंपनीच्याला नाही जमत ते!"

"अप्पा, आमटी उतू चालली!" पलीकडून सुगलाबाई ओरडली. दासोहघराचं सगळं तिच्या हाती होतं, आणि तिच्या दोन्ही हातांना आत्ता कणीक होती.

"मन्मथा, उतरव ते पातेलं," अप्पा म्हणाले. भिंतीच्या खुंटीवर एक सांडशी लटकत होती, ती त्यांनी त्याच्या हातात दिली.

मन्मथनं सांडशी उघडली, मिटली, आणि पुन्हा उघडली.

"ही नको. हिचा खिळा ढिला झालाय."

"धरते की. कुठल्याही पातेल्याला बसते."

"बसते हो! पण वजन आलं की जबडा फिरणार. उकळती आमटी हातावर येईल. दुसरी द्या."

"अशीच मी कितीदा वापरली," असं म्हणत अप्पांनी ती त्याच्या हातातून घेतली, पातेल्याच्या काठाला लावली आणि उचलायला लागले.

पातेलं एका बाजूनं वर आलं. सांडशीचा जबडा कचकन वळला.

"अप्पा!"

मन्मथनं त्यांच्या मनगटावर सरळ फटका मारला. सांडशी खणकन फरशीवर पडली. पातेलं डुचमळलं, चुलीत आमटी सांडली, राखेचा धूर झाला. गुरूवर हात उचलला गेला होता, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं.

"डोकं फिरलंय का तुमचं?" तो ओरडला. "सांगितलं ना मी! खिळा ढिला आहे हे ठाऊक असताना कशाला धरता? हात गेला असता तुमचा!"

अप्पा आपलं मनगट चोळत होते.

"असंच ओरडला होतास का खाजापाशावर?"

सुगलाबाईनं हात पुसले, दोन ओली फडकी घेतली, पातेलं खाली ठेवलं आणि निघून गेली.

"तुम्ही..." मन्मथचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही कंपनीची बाजू घेऊलालाव! मी तुमच्या मांडीवर वाढलो, आणि तुम्ही त्या चोरांची..."

"कंपनी ऱ्हाऊ दे. तुला विचारलं."

"काय सांगू?"

"काय ढिलं होतं?"

मन्मथनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दासोहघराची ती भिंत त्यानं लहानपणापासून पाहिली होती. आज तिच्याकडेही बघवेना.

"अडॅप्टरमध्ये एक बारकासा भाग असतो," अखेर तो म्हणाला. "फार तापायला लागलं की वीज तोडतो. तो बाहेरून येतो. मध्ये येईना झाला, आणि टॅक्सीवाले तर दारात उभे. म्हटलं, एवढं काय तापतंय... त्याच्याशिवायच विकले. काही दिवसांनी भाग आले, मग पुन्हा घालायला लागलो."

"खाजापाशाच्या हातात?"

"त्यातलाच होता."

"त्यातले अजून रस्त्यावर हायत?"

"हायत."

अप्पा उठले. मांडीवरची वांगी फरशीवर घरंगळली. मन्मथनं अप्पांचं हसणं पाहिलं होतं, चिडवणं पाहिलं होतं, ताप आलेला असतानाचं कण्हणंही पाहिलं होतं. हे कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आणि तू धरणं धरणार? उद्या तुझ्यामागं जी माणसं घोषणा देत बसतील, त्यांच्याच डिकीत ते असतील! त्यांनाच पुढं करणार तू?"

"अप्पा, कंपनीनं..."

"कंपनीच्या नळ्या जळतात, तिनं पिशवी घातली. तू कशाची पिशवी घातलीस? वकिलाची?"

मन्मथला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला. अप्पांचा, वकिलाचा, त्या कधीच वेळेवर न येणाऱ्या भागाचा. आणि मग, फिरून फिरून, एका सकाळी त्या भागाशिवायची खोकी बंद करून पाठवायला सांगणाऱ्या आपल्याच आवाजाचा.

"मला राग येतो अप्पा," तो कसाबसा म्हणाला. "रात्रंदिवस येतो. शांत कसं व्हायचं ते तरी सांगा."

"शांत?" अप्पा कडाडले. "शांत कशाला? तुझा राग कमी पडूलालाय! हमरस्त्यापर्यंत जातो आणि घरच्या उंबऱ्यावर मान टाकतो. एवढासा राग घेऊन माझ्याकडं येतोस?"

ते खाली बसले आणि फरशीवरची वांगी गोळा करायला लागले. एक चुलीखाली गेलं होतं. मन्मथनं वाकून ते काढून दिलं. अप्पांनी घेतलं, त्याच्याकडे पाहिलं नाही.

मन्मथ दारापाशी गेला आणि कारखान्यात फोन लावला.

"त्या मधल्या काळातले सगळे अडॅप्टर परत मागवा. ज्यांना विकले त्या प्रत्येकाला आत्ता फोन करा. वापरू नका म्हणावं, एकदासुद्धा नाही... हो, कारण सांगायचं. खरं कारण... मिळू दे कंपनीच्या हाती कोलीत. मिळू दे म्हटलं ना! आणि आधी फोन लावा, मग माझ्याशी वाद घाला."

त्यानंतर त्यानं आणखी एक फोन लावला. तो बराच वेळ चालला. पलीकडून काय शिव्या आल्या त्या बायांना ऐकू आल्या नाहीत, पण मन्मथ मध्ये मध्ये नुसता "बरोबर आहे, मामू" म्हणत होता, एवढं कळलं.

तो परत आला तेव्हा अप्पा पुन्हा पाटावर होते.

"उजवा," तो म्हणाला. "अजून मूठ वळत नाही. स्टिअरिंग धरता येत नाही. संध्याकाळी दवाखान्यात जातोय."

अप्पांनी पुढचं वांगं उचललं.

"पण आता उद्या कुठल्या तोंडानं तिथं बसू?" मन्मथचा आवाज पुन्हा चढला. "मीच कबूल केलं म्हटल्यावर कंपनी हसेल. फलक बरोबरच होता म्हणेल. त्यांच्या नळ्या जळतात, मशीनं बंद पडतात, माणसं भर उन्हात अडकतात, हे कोण विचारणार? सगळं माझ्यावर ढकलून ते मोकळे होतील. माझ्या हातात काही राहिलं नाही, अप्पा. काही म्हणजे काही नाही."

अप्पांनी वांग्याची एक फोड केली. नेहमीसारखीच वाकडी झाली. ती त्यांनी पाण्यात टाकली.

"आता भांड," ते म्हणाले.