आचार्यांनी मागितलेला साप

एकदा एका सीमेवरच्या गावात मल्लिनाथ नावाचे कापडाचे व्यापारी होते. अर्धांगवायूच्या झटक्यातून ते बचावले, पण वाचा गेली. पुढे थोडे शब्द परतले, तेही उलटसुलट. भाकरीला ते ‘पागोटे’ म्हणत. त्यांची कन्या गौरांबा व्याकरण शिकलेली. ती प्रत्येक शब्द दुरुस्त करी, पुन्हा म्हणायला लावी. हळूहळू मल्लिनाथांनी बोलणेच सोडले, मग जेवणही कमी केले. घाबरून तिने आपले वृद्ध गुरू अनंताचार्य यांना बोलावले.

आचार्य मल्लिनाथांशेजारी बसले आणि चक्क कानडीत बोलू लागले. कानडी ही मल्लिनाथांची लहानपणची भाषा. लेकीला त्यांनी ती कधी शिकवली नव्हती. आचार्यांनाही ती जेमतेमच येई. एवढे मोठे वैयाकरण पदोपदी अडखळताना पाहून गौरांबाला संकोच वाटला. तेवढ्यात आचार्य म्हणाले, “ननगे हावु कोडी.” म्हणजे, मला साप द्या.

मल्लिनाथांचे खांदे हलू लागले. कितीतरी दिवसांनी ते हसत होते.

“हावु अल्ल,” ते म्हणाले. हावु नव्हे. “हालु.” मग मुलीकडे वळून, एकेक शब्द ओढून काढत, “दूध. गुरुजींना... दूध दे.”

गौरांबा धावतच आत गेली. दुधाचा काठोकाठ भरलेला पेला आणून तिने गुरुजींपुढे ठेवला.

निरोप देताना तिने विचारले, “मी रोज शिकवले, तर ते गप्प झाले. आपण काहीच न शिकवता ते बोलले. हे कसे?”

“तू परीक्षा घेत होतीस, बाळ. लहान मूल बोबड्या बोलात ‘तातू’ म्हणते, तेव्हा काकू आनंदाने ओ देतेच ना? आपले म्हणणे पोचले, या हर्षातच ते पुढचा शब्द उचलते. वय वाढले म्हणून माणसाची ती भूक सरत नाही. आणि मी मुद्दाम चुकलो, असे समजू नकोस. पंच्याहत्तरीत मी नुकताच कानडी बोलू लागलो आहे. फार मजा येते.”

दुसऱ्या दिवशी गौरांबा वडिलांपाशी बसली. “अप्पा, मला कानडी शिकवा. पहिला शब्द तुम्हीच सांगा.”

ते शब्द शोधत राहिले. तिने काही सुचवले नाही, नुसती वाट पाहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला.

“मगळु,” ते म्हणाले. लेक.