भिंतीवरचा ड्रॅगन

काचेचे आरसे माणसाला ठाऊकही नव्हते, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. चीन देशात नदीकाठच्या एका गावी एक ओतारी राहत होता. तो काशाचे आरसे ओतायचा. एक बाजू घासून लख्ख करायचा आणि पाठीवर नक्षी उठवायचा: एकशिंगी हरीण, आगीच्या पंखांचा पक्षी, सापाने विळखा घातलेलं कासव. पण त्याचा हात खरा रमायचा तो ड्रॅगनमध्ये.

एकदा त्याने एक आरसा इतका घासला, की कासं अगदी पातळ झालं. तो उन्हात धरला मात्र, पाठीवरचा ड्रॅगन समोरच्या भिंतीवर उजेडाने उमटला! ओतारी दचकून मागे सरला. मग त्याच्या ध्यानात आलं, ही जादू नाही. ही आपल्याच हाताची करामत.

त्याने ती गावच्या मुखियाला दाखवली. मुखियाने आरसा ठेवून घेतला आणि म्हणाला, "कुणाजवळ बोलू नकोस. राजवाड्याचं काम तुलाच मिळवून देतो."

थोड्याच दिवसांत मुखियाच्या माडीवरून ड्रॅगन गावभर फिरू लागला. ज्याच्या दारावर तो उमटे, तो चळचळा कापे. "ड्रॅगन भुकेला आहे," मुखिया सांगे. लोक कोंबड्या, डुकरं, तांदळाची पोती आणून त्याच्या अंगणात टाकत.

ओताऱ्याला सगळं दिसत होतं. "कोंबड्याच तर जातात," तो मनाची समजूत घाली, "कुणाचा जीव थोडाच जातोय!"

गावाबाहेर बदकं पाळणारी एक म्हातारी होती. तिने मुखियाला एक बदकसुद्धा दिलं नाही. दुसऱ्याच सकाळी ड्रॅगन तिच्या दारावर उमटला. "आता त्याला तीच हवी," मुखियाने गावाला सांगितलं.

ढोल ऐकून ओतारी धावत गेला, तर घर पेटलेलं! तिच्या हातची अंडी खाऊन वाढलेली माणसंच तिला नदीकडे फरफटत नेत होती. ती काहीतरी ओरडत होती, पण ढोलांपुढे कुणाला ऐकू येईना.

ओतारी तसाच मुखियाच्या माडीवर गेला, आरसा उचलला आणि परत येऊन गर्दीत शिरला. त्याने ड्रॅगन उमटवला गर्दीपुढे उभ्या मुखियाच्या छातीवर, मग एका डुकराच्या पाठीवर.

"बघा! हा माझ्या हातचा आरसा आहे! ड्रॅगन-बिगन काही नाही!"

ढोल थांबले. एकाच्या हातातली मशाल गळून पडली. आणि त्या शांततेत म्हातारीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"अरे, आत माझा म्हातारा आहे! त्याला उठता येत नाही!"

लोक धावले. पण तेवढ्यात छप्पर कोसळलं.

मग लोकांनी मुखियाला गावाबाहेर हाकललं. ओताऱ्याने म्हातारीचे पाय धरले.

तिने विचारलं, "बाळा, तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"पेरणीपासून, आजी."

म्हातारीने शेताकडे पाहिलं. भात कापणीला आला होता. पुढे जन्मभर ती त्याच्याशी बोलली नाही. त्याने तिला घर बांधून दिलं, तिची बदकं राखली. भट्टी मात्र पुन्हा पेटवली नाही.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: ठाऊक असून जो गप्प बसतो, तोच खोट्याच्या हाती कोलीत देतो.