कळकाचे घर आणि राजकन्या कुमुदा

एका राज्यात राजकन्या उघड्यावर निजत असे.

तिचे नाव कुमुदा. ती जन्मली तेव्हा तिचा पिता, राजा हेमांगद, आनंदाने भान हरपून बसला. बारशाला सारी नगरी मावेल असा मंडप घाला, म्हणाला. सेवक नदीकाठच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बनात गेले. जून पाहिला नाही, कोवळा पाहिला नाही, सारे बन कापून आणले. त्या बनात तमाली नावाची चेटकीण राहत होती. पडत्या कळकांखाली तिची झोपडी चिरडली.

तमाली बारशाला आली. पाळण्याशी उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "हिच्या मंडपासाठी माझं छप्पर गेलं. हिच्या डोक्यावरही छप्पर टिकणार नाही."

मंडप तत्क्षणी खाली बसला. पाळणा महालात नेला, तर तुळया तडकल्या. तंबू ठोकला, तर वाऱ्यावर उडाला. छत्री धरली, तर तिच्या काड्या गळून पडल्या.

म्हणून कुमुदा अंगणात वाढली. पाऊस आला की राजा तिच्यावर ओणवा होई आणि पाठीवर सरी घेई. बापाच्या पाठीला शाप छप्पर मानत नसे. पण राजा किती वेळ ओणवा राहणार? दर पावसाळ्यात पोरीला ताप येई. पुढे खोकला हिवाळ्यातही जाईना, तेव्हा राजवैद्य म्हणाले, "महाराज, आणखी काही वर्षं निभेल. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

राजाने राजमुद्रा राणीच्या हाती दिली, कुमुदेचे बोट धरले आणि नदीकाठ गाठला. तमाली एका खडकावर बसली होती.

"शाप परत घे," राजा म्हणाला.

"शाप परत घेता येत नाही, फेडता येतो. कामं तीन आहेत. कळक लाव. कळक तोड. कळकाचं घर बांध. हात तुझेच हवेत. घर कोणासाठी, ते मी सांगणार नाही."

राजा मनात म्हणाला, हे काय सांगायला हवे?

उजाड काठावर त्याने खड्डे खणले, कळकाचे कंद पुरले, शेणखत घातले. हाताला फोड आले. कुमुदा चिमुकल्या घागरीने पाणी घाली. पहिल्या वर्षी बोटाएवढे कोंब आले, दुसऱ्या वर्षी काठीएवढे. पुढे बेटे दाट झाली आणि त्यांत एक भारद्वाज पक्षी राहायला आला. तो माणसासारखा बोलत असे.

एका पावसाळ्यात कुमुदेला फार ताप चढला. राजा कोयता घेऊन बेटात शिरला. समोर हिरवेगार, तुकतुकीत, उंच कळक उभे होते.

"ते नको," भारद्वाज म्हणाला. "ते यंदाचे आहेत. अंगात पाणी आणि गोडवा आहे. भुंगा लागेल, वर्षभरात भुगा होईल."

"माझी लेक तापाने फणफणली आहे."

"मला दिसतं आहे, राजा. तरी ते नको."

राजाने कोयता उगारला. मागून कुमुदा म्हणाली, "बाबा, आपण थांबू. मला थांबता येतं."

राजाने कोयता खाली ठेवला. पोरीला कुशीत घेऊन तो चिखलात बसून राहिला. चार दिवसांनी ताप उतरला.

थंडी पडली तेव्हा भारद्वाजाने असे कळक दाखवले, ज्यांचा हिरवा रंग विटला होता, अंगावर पांढरे डाग होते आणि टिचकी मारली की खणखणीत वाजत. राजाने तेवढेच तोडले. भारद्वाजाच्या सांगण्यावरून वाहत्या पाण्यात ते बुडवून ठेवले, म्हणजे गोडवा निघून जातो. मग सावलीत उभे करून वाळवले. दगडी जोत्यावर खांब रोवले, कळक चिरून काढलेल्या कामट्यांचे कूड भिंतींसाठी विणून शेणामातीने लिंपले, वर छप्पर गवताने शाकारले. लोखंड कुठे वापरले नाही, सारे वाखाच्या तंतूंपासून वळलेल्या दोऱ्यांनी आवळले.

कुमुदेने उंबरा ओलांडला, आणि छप्पर तिच्याभोवती अलगद खाली आले. गवत हलके होते, तिला लागले नाही. पण राजा जमिनीवर बसला आणि पोरीदेखत रडला. "तिन्ही कामं केली गं मी. आता काय करू?"

कुमुदेने केसांतले गवत झटकले. मग तिने विचारले, "बाबा, तमाली आजी कुठे झोपतात?"

इतक्या वर्षांत राजाने ते विचारलेच नव्हते. तो खडकापाशी गेला. खडकावर एक फाटकी घोंगडी होती, कडेला विझलेली चूल होती. दुसरे काही नव्हते.

राजाने पडलेले कळक उचलले. झोपडी चिरडली होती त्याच जागी जोते घातले आणि पुन्हा सारे उभे केले. सोबतीला कुमुदा दोर ओढत होती. घर झाल्यावर राजा तमालीपुढे हात जोडून उभा राहिला.

"हे तुझं घर आहे, आजी. मी मोडलं होतं."

तमालीने कुडावरून हात फिरवला. आत जाऊन चूल पेटवली. राजा आणि कुमुदा परत निघाले, तोच आभाळ भरून आले आणि टपोरे थेंब पडू लागले. राजा सवयीने लेकीवर ओणवा झाला.

दारातून तमाली म्हणाली, "भिजतेस कशाला, पोरी? आत ये."

कुमुदेने बापाकडे पाहिले. मग ती आत गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. काहीच कोसळले नाही. तमालीने तिला चुलीजवळ बसवून पदराने तिचे डोके पुसले. राजा उंबऱ्यातच थबकला होता, आत पाऊल टाकायला धजत नव्हता.

डोक्यावरच्या गवतावर पावसाचा आवाज वाढत गेला. कुमुदेने वर पाहिले.

"बाबा, हे काय वाजतं आहे?"

"पाऊस, बाळ."

"असा वाजतो?" ती म्हणाली, आणि ऐकत राहिली.